दोन किल्ल्यांचं कपाट

१९९७ च्या पावसाळ्यातली रात्र. जिल्ह्याच्या गावचं सरकारी रुग्णालय, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. खाटा चाळीस आणि खाली गाद्या टाकून आणखी नऊ पेशंट. ड्यूटीवर मी एकटी, मदतीला एक मावशी. चौदा नंबरच्या खाटेवर गालाच्या कर्करोगाचा पेशंट होता. ज्या बाजूला आयुष्यभर तंबाखूची चिमूट धरली, त्याच बाजूने गाल फुटला होता. केसपेपरवर औषधांच्या यादीत शेवटची ओळ होती : इंजेक्शन फोर्टविन, एसओएस. ते वेदनाशामक मी नऊला दिलं होतं. अकराला त्याची बायको काउंटरपाशी येऊन उभी राहिली. बोलली काहीच नाही. साडेबाराला पुन्हा आली. दोनला आली तेव्हा म्हणाली, "बाई, त्यांना तेवढं काहीतरी द्या की."

डॉक्टरांना निरोप धाडला होता. ते खाली कॅज्युअल्टीत, एसटीच्या अपघातातल्या जखमींमध्ये अडकलेले. मी तिला म्हटलं, "सकाळी राउंडला साहेब येतील. तोवर जरा कळ काढा."

कळ काढा. थांबा म्हणायला मराठीत हा शब्दप्रयोग कोणी रूढ केला असेल कोण जाणे. पण त्या रात्री माझ्या तोंडून तो अगदी शब्दशः गेला. तो माणूस सकाळपर्यंत कळ काढत राहिला, आणि मी दर तासाला टॉर्च घेऊन त्याच्यासमोरून गेले.

'एसओएस' म्हणजे गरज पडल्यास. लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत ती. गरज पडली की नाही हे ठरवायचं सिस्टरने. पण किती अंतराने, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती वेळा, एका डोसाने भागलं नाही तर पुढे काय, यातलं काही लिहिलेलं नसतं. सिस्टरने दिलं आणि पेशंटचं काही बरंवाईट झालं तर 'कोणाला विचारून दिलंत?' असा मेमो येतो. नाही दिलं तर? तर काहीच होत नाही. वेदनेने तळमळत रात्र काढलेल्या पेशंटबद्दल एकतीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही मेमो आला नाही, माझ्या कोणा सहकारी बाईलाही आल्याचं ऐकलं नाही. मग घर-संसार असलेली बाई दोन्हींतलं काय निवडेल?

आपल्याकडे वेदनाशामक औषधांची चर्चा निघाली की ती दोनच वाटांनी जाते. एक, कायदा किती जाचक आहे. दोन, औषधं मिळत नाहीत. दोन्ही खरं आहे. पण वेदना रात्री दोनला होते, आणि रात्री दोनला खाटेपाशी कायदा नसतो, मंत्रालय नसतं, बहुतेकदा डॉक्टरही नसतो. तिथे परिचारिका असते. तिला वेदना सगळ्यांत आधी दिसते, आणि ती कमी करण्याचा अधिकार तिला सगळ्यांत कमी असतो. ही गाठ सोडवली नाही, तर उद्या गोळ्यांच्या गोण्या आणून ओतल्या तरी चौदा नंबरच्या खाटेवर फरक पडायचा नाही.

आधी कायद्याचं सांगते, कारण आमच्या मनातली भीती तिथूनच आली आहे. जुन्या रुग्णालयांत मॉर्फिन, पेथिडिन ही जालीम वेदनाशामकं ठेवायचं एक कपाट असतं. त्याला दोन कुलपं, दोन किल्ल्या, आणि सोबत रजिस्टर. आम्ही त्याला अजून 'डीडीए कपाट' म्हणतो. डीडीए म्हणजे १९३० सालचा ब्रिटिशांचा डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्ट. तो १९८५ मध्ये रद्द झाला आणि त्याच्या जागी एनडीपीएस हा अमली पदार्थांविषयीचा कायदा आला, पण कपाटाचं नाव गेलं नाही. नव्या कायद्यात किमान शिक्षाच दहा वर्षांची होती. नोंदीत चूक झाली तरी तुरुंगात जावं लागेल, ही धास्ती त्यातूनच बसली. पुढे २००१ मध्ये मात्रेप्रमाणे शिक्षा कमी-जास्त करण्यात आली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. एकेका राज्यात चार-पाच परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी. पाचवा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणं सोडलं, रुग्णालयांनी मागवणं सोडलं. १९८५ नंतरच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली अख्ख्या देशात फक्त १८ किलो मॉर्फिन वापरलं गेलं. हा आकडा मी फार नंतर, एका प्रशिक्षणात ऐकला. ऐकला तेव्हा आधी साल डोक्यात गेलं. माझी चौदा नंबरची खाट त्याच सालातली.

आणि हे त्या देशात, जिथे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारच्या परवान्याने मॉर्फिन जिच्यापासून निघतं ती अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचेच कारखाने आहेत, आणि इथली अफू परदेशच्या औषध कंपन्यांना विकली जाते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये देशोदेशींचा हिशेब मांडला. भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के मॉर्फिनवर्गीय औषध उपलब्ध होतं. चीनमध्ये १६, मेक्सिकोत ३६. अमेरिकेत तीन हजार टक्क्यांहून जास्त; त्याबद्दल पुढे बोलूच.

२०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली. केरळमधले वेदना-उपचारांचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं दिल्लीच्या चकरा मारल्या होत्या. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधांना 'अत्यावश्यक' ठरवून राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या परवान्यांची भानगड काढून टाकली. रुग्णालयाला एकच मान्यता मिळाली की पुरे. मला वाटलं, आता सुटलो. पण झालं काय? मॉर्फिन स्टोअरमध्ये नाही म्हणून डॉक्टर लिहीत नाहीत. डॉक्टर लिहीत नाहीत म्हणून वॉर्डातून इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, जात नाही. इंडेंट जात नाही म्हणून स्टोअरवाला मागवत नाही. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, तरी महाराष्ट्रात मोठ्या शहरांबाहेर हे चक्र मी तसंच फिरताना पाहिलं आहे. मुंबईत टाटा आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, गोव्यात लोटलीला त्यांची शाखा आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. तिथलं काम पाहून आलेली माणसं त्याबद्दल बोलताना हळवी होतात. पण ही बेटं आहेत. बेटापर्यंत पोहून जाणं ज्याला जमेल त्याचंच दुखणं थांबतं.

हे चक्र कुठेतरी तोडायचं असेल, तर ते वॉर्डातून तुटेल असं मला वाटतं. कारण वेदनेवरचा उपचार हा नव्वद टक्के खाटेपाशी करायचा उपचार आहे. डॉक्टरांचा अपमान म्हणून मी हे म्हणत नाही. कामाचं स्वरूपच तसं आहे, आणि ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, वेदना मोजणं. पुस्तकात शून्य ते दहा अशी मोजपट्टी असते. आमच्याकडच्या एखाद्या म्हातारीला "दहापैकी किती दुखतं?" विचारलं की ती तुमच्याकडे बघत राहते. मी विचारायची, "रुपयातलं किती आणे?" लगेच उत्तर यायचं. "सकाळच्याला आठ आणे होतं, आता बारा आणे." नव्या पिढीला आणे कळत नाहीत, त्यांना टक्के विचारावेत. मोजपट्टी कोणतीही चालते, विचारलं पाहिजे एवढंच.

दुसरं, ऐकणं. केसपेपरवर इंग्रजीत 'पेन' एवढा एकच शब्द येतो, पुढे एक-दोन अधिकचिन्हं. पेशंट मात्र एक शब्द कधीच वापरत नाही. तो म्हणतो ठणकतंय, ठसठसतंय, भगभगतंय, सणक मारतेय, चमक निघते, पीळ पडतो, मुंग्या धावतात, करंट बसल्यासारखं होतं. हे सगळे शब्द वेगवेगळ्या वेदनांचे आहेत. ठणका बहुतेकदा हाडाचा किंवा पूचा. पीळ आतड्याचा. आग, मुंग्या आणि करंट म्हणजे शीर दाबली गेली आहे किंवा शीरच दुखावली आहे. तिथे नुसतं मॉर्फिन पुरं पडत नाही, गॅबापेंटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखं दुसरं औषध जोडावं लागतं. अर्धं निदान पेशंटने मराठीत सांगून टाकलेलं असतं. ते केसपेपरवर उतरेपर्यंत 'पेन ++' होतं. हे शब्द सिस्टरच्या कानावर दिवसातून दहादा पडतात, पण नोंद करायला तिच्याकडे रकाना नाही. टीपीआर चार्टवर ताप आहे, नाडी आहे, श्वास आहे, रक्तदाब आहे, शी-शू आहे. दुखणं नाही.

बायकांचं आणखी वेगळं. त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि विचारलं तरी "आहे आपलं" म्हणतात. दुखतंय का हे मी त्यांना तोंडाने विचारणं सोडलं होतं. "काल रात्री किती वाजता झोप लागली?" हे विचारायची. खरं उत्तर त्यातून मिळतं.

तिसरं, घड्याळ. साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास काम करते. म्हणून ती दर चार तासांनी द्यायची, दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायला लागण्याआधी. मध्येच कळ उसळली तर त्यासाठी जादा डोस, आणि तो किती वेळा लागला ते लिहून ठेवायचं, कारण उद्याची मात्रा त्यावरून ठरते. मोजणारा आणि लिहिणारा माणूस खाटेपाशी नसेल तर डॉक्टर कितीही हुशार असला तरी अंदाजपंचेच चालणार. घड्याळाप्रमाणे द्यायची ही पद्धत जगभर रुजवली ती सिसिली सॉन्डर्स या इंग्लिश बाईने. ती मुळात परिचारिका. पाठीच्या दुखण्याने नर्सिंग सोडावं लागलं, मग रुग्णालयात समाजसेविकेचं काम केलं, आणि एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांच्या शुश्रूषागृहात, नियमित मॉर्फिन देऊन माणसं शांत राहतात हे डोळ्यांनी पाहिलं. पण परिचारिकेचं कोणी ऐकणार नाही, ऐकवायचं असेल तर डॉक्टर हो, असा सल्ला तिला एका सर्जननेच दिला. तिने तो मानला, वयाच्या अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वर्षी डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं केलं. तिचं कौतुक सगळे करतात. मला मात्र त्या सल्ल्याचा राग येतो, आणि तो सल्ला बरोबर होता याचा जास्त येतो.

चौथं, पोट. मॉर्फिनची मळमळ चार-पाच दिवसांत जाते, गुंगीही उतरते. बद्धकोष्ठ जात नाही. सगळं शरीर मॉर्फिनला सरावतं, आतडं सरावत नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ करणारं औषध सुरू व्हायला हवं. ते राहिलं की आठव्या दिवशी पेशंट गोळी तोंडात धरत नाही, आणि चार्टवर लिहिलं जातं : 'पेशंटने औषध नाकारले'. अशा कितीतरी 'नाकारले'ंच्या मागे आठ दिवस न झालेली शी असते. हे सांगायला काहींना संकोच वाटतो. आम्हाला वाटत नाही.

पाचवं, झोप आणि बेशुद्धी यांतला फरक. वीस रात्री न झोपलेल्या माणसाला पहिल्यांदा आराम पडला की तो सोळा सोळा तास झोपतो. नातेवाईक घाबरतात, "मॉर्फिन लावलं, आता संपलं" म्हणत गावाकडे फोन जातात. तेव्हा त्यांच्याशेजारी बसून सांगावं लागतं, की हाक मारा, तो डोळे उघडेल, पाणी पिईल, पुन्हा झोपेल. ही झोप आहे. मात्रा खरोखर जास्त झाली तर तेही अचानक होत नाही. माणूस आधी पेंगतो, मग हाकेला उठेनासा होतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि मग श्वास मंदावतो. मिनिटाला आठाच्या खाली गेला तर धोका. हे ओळखायला यंत्र लागत नाही. घड्याळाचा सेकंदकाटा आणि पेशंटच्या छातीकडे लावलेली नजर लागते. उताराही आहे, नालोक्सोन. तो ड्रग ट्रॉलीवर असला पाहिजे.

घरी पाठवलेल्या पेशंटचा पसारा आणखी वेगळा. फेंटानिलचा पॅच तीन दिवस चालतो. एका घरी गेले तर पेशंट दुपारी तीनलाही जागा होईना. पाठ उघडून पाहिली, जुना पॅच तसाच आणि त्याच्याशेजारी नवा. मुलाला काढायचं कोणी सांगितलंच नव्हतं. त्यात अंगात ताप आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी. उष्णतेने पॅचमधलं औषध भराभर अंगात जातं. हे प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं नसतं, घरी गेलेल्या बाईलाच दिसतं.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. सर्वांत मोठा आक्षेप अमेरिकेचा. तिथे नव्वदच्या दशकात 'वेदना हे पाचवं मोजमाप' अशी घोषणा झाली, वेदनेचा आकडा खाली आणा म्हणून रुग्णालयांवर दबाव आला, त्याच वेळी १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे मॉर्फिनवर्गीय औषध बाजारात आलं, व्यसन जवळजवळ लागत नाही असं सांगून कंपनीने ते डॉक्टरांच्या गळी उतरवलं, आणि लाखो माणसं मेली. हा धडा खोटा नाही. मी चार्टवर रकाना मागते तेव्हा माझ्या मनातही तो असतो. पण तिथे गोळ्या वाटल्या गेल्या त्या पाठदुखीला, गुडघ्याला, दाढ काढल्यावर, महिन्याभराची बाटली हातात देऊन, आणि नंतर कोणी वळूनही न पाहता. बाटलीमागे नर्स नव्हती. तिथलं संकट नजर ठेवणारं कोणी नसल्याचं आहे, आणि मी बोलते आहे ती नजर ठेवणारीबद्दलच. कर्करोगाच्या पेशंटला मोजून, लिहून, श्वास बघून दिलेलं मॉर्फिन आणि ते एका तागडीत घालणं म्हणजे दारूच्या गुत्त्यामुळे बाळंतिणीचा काढा बंद करण्यासारखं आहे.

शिवाय आपल्याकडची खरी बेफिकिरी कुठे आहे ते बघा. मॉर्फिनला दोन कुलपं. आणि डायक्लोफेनॅक, हे रोजच्या वापरातलं वेदनाशामक? ते इंजेक्शन ट्रॉलीवर उघडं पडलेलं असतं, गावातला कोणीही देतो, म्हातारे गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेतात आणि एक दिवस मूत्रपिंड निकामी होऊन किंवा काळी शी होऊन आमच्याकडे येतात. याच औषधाने आपल्या देशातली गिधाडं संपवली. गुरांना टोचलं, मेलेली गुरं गिधाडांनी खाल्ली, त्यांची मूत्रपिंडं गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाला देताना मात्र सिस्टरला कोणी विचारत नाही, "कोणाला विचारून दिलंत?" म्हणजे औषधाचा धोका आणि त्याचं कुलूप यांचा मेळ नाही. कुलूप आहे ते पोलिसांच्या भीतीचं.

दुसरा आक्षेप : श्वास थांबला तर? परिचारिकेच्या हातात असं औषध कसं द्यायचं? यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते सरकारचंच आहे. गरोदर बाईला झटके येऊ लागले तर उपकेंद्रातल्या एएनएमने, म्हणजे खेड्यातल्या परिचारिका-सुईणीने, मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत द्यावा, अशी केंद्राच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत तरतूद आहे. मॅग्नेशियम सल्फेट जास्त झालं तर काय होतं? श्वास थांबतो. ते देताना काय बघायचं असतं? श्वास, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, लघवी. तेव्हा अठरा महिन्यांचं शिक्षण घेतलेली मुलगी, डॉक्टर वीस किलोमीटरवर, आणि आपण तिच्यावर विश्वास टाकला, कारण नाही टाकला तर बाई मरते. वेदनेने माणूस लगेच मरत नाही. घोडं तिथेच पेंड खातं. मरणाची घाई नाही, म्हणून अधिकाराचीही घाई नाही.

महाराष्ट्राला तर हे नव्याने सांगायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला घरातच जेंटामायसिन टोचायचं, असं ते काम. केवढा गदारोळ झाला होता! खेड्यातली बाई सुई टोचणार? १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले : नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. सुई धोकादायक नव्हती. सुई कोणाच्या हातात असावी याबद्दलचा आपला समज धोकादायक होता. युगांडाने २००४ मध्ये कायदा बदलून, खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहिण्याचा अधिकार दिला. आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देश, पावडर पाण्यात कालवून बाटल्या भरतो आणि पेशंटला फुकट देतो. केरळ तेवढं पुढे गेलेलं नाही. तिथे औषध डॉक्टरच लिहितो. पण २००८ च्या धोरणानंतर पंचायतींमार्फत घरोघर जाणारी परिचारिका आहे, ती बघते, डॉक्टरला फोन करते, आणि तिच्या शब्दावर मात्रा बदलते. माझ्या मते आपण निदान तिथून सुरुवात करावी.

आता आमच्या घरातलं. सगळा दोष कायद्यावर आणि डॉक्टरांवर टाकून मला मोकळं होता येणार नाही. आमच्यातल्या कित्येकींना अजून वाटतं, की मॉर्फिन मागणारा पेशंट 'सवयीचा' झाला आहे. "एवढं काय ओरडायचं, शेजारचा बघा कसा गप्प आहे" हे वाक्य मी सिस्टरांच्याच तोंडून ऐकलं आहे, नोकरीच्या सुरुवातीला स्वतः म्हटलंही आहे. बाळंतपणाच्या वॉर्डात बायकांना काय काय ऐकवलं जातं ते लिहायलाही लाज वाटते. शिकवताना वेदनेवर दोन तास होतात, त्यात हजेरी घेण्यात वीस मिनिटं जातात. आणि अधिकार नको असणाऱ्याही आहेतच. सही करायची नाही म्हणजे अंगावर येत नाही, ही सोय आम्हालाही आवडते.

पण ज्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक परिचारिका हवी म्हणून कागदावर लिहिलेलं आहे आणि रात्री पन्नासामागे एक असते, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर मुली नेमल्या जातात, तिथे दर चार तासांनी श्वास मोजा म्हणणं ही थट्टा आहे, हेही मला कळतं. म्हणून मी मागते ते थोडं आहे. टीपीआर चार्टवर दुखण्याचा एक छापील रकाना. 'एसओएस' या तीन अक्षरांवर बंदी. त्याऐवजी कमीत कमी अंतर, जास्तीत जास्त मात्रा आणि कधी थांबायचं हे लिहिलेला आदेश, ज्याच्या चौकटीत राहून सिस्टर स्वतः ठरवेल. त्या चौकटीत राहिलेल्या सिस्टरला मेमो नाही, हे लेखी. आणि गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, जी समुदाय आरोग्य अधिकारी बसते, जिच्या बारा सेवांच्या यादीत वेदनाशामक सेवा सरकारनेच घातली आहे आणि जी अनेकदा बीएस्सी नर्सिंग झालेली असते, तिला डॉक्टरने आधीच सुरू केलेली मॉर्फिनची गोळी पुढे चालू ठेवण्याचा, ठरलेल्या मर्यादेत, अधिकार आणि साठा. सुरू करण्याचा अधिकारही मी आज मागत नाही.

ते दोन किल्ल्यांचं कपाटही राहू द्या. मॉर्फिन मोजून ठेवायलाच हवं, चोरी होते, मी पाहिली आहे. पण त्याचं रजिस्टर एकदा उघडून बघा. आवक, जावक, शिल्लक, फुटलेली अँप्यूल, देणारीची सही, साक्षीदाराची सही. ज्याच्यासाठी हे सगळं, त्याचं दुखणं थांबलं का, हे विचारणारा रकाना शेवटच्या पानापर्यंत नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती तालुक्यापासून आत, एका आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिच्या गावात आतड्याच्या कर्करोगाचा पेशंट, मुंबईहून मॉर्फिन सुरू करून पाठवलेला. गोळ्या शुक्रवारी संपणार होत्या. मुलगा आणायला निघाला, तर घाटात दरड कोसळून रस्ता बंद. तिच्या कपाटात मॉर्फिन नाही, असतं तरी द्यायची मुभा नाही. एकदम बंद केलं तर दुखणं उसळेलच, वर घाम, जुलाब, अंगात पेटके, हे तिला ठाऊक होतं. मीच शिकवलं होतं. "मॅडम, सोमवारपर्यंत काय करू?"

मी तिला पॅरासिटॅमॉल किती तासांनी, दिवसाला जास्तीत जास्त किती, ते सांगितलं. मात्रा बिनचूक सांगितली. पलीकडे ती लिहून घेत होती आणि तिच्यामागे कोणीतरी बाई काहीतरी विचारत होती. "थांबा हं, मावशी," फोनवर हात ठेवून तिने म्हटलेलं मला ऐकू आलं, "सोमवारी होईल. तोवर जरा कळ काढा."